संकेतस्थळाची सूत्रे आपल्या हाती

ग्रामसभेची सूचना, निविदेची मुदत किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख ही माहिती वेळेवर पोहोचली तरच तिचा उपयोग होतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम याच तत्त्वावर उभा आहे. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते आणि ती दरवर्षी अद्ययावत ठेवावयाची असते. या कामी संकेतस्थळासारखे दुसरे सोयीचे साधन नाही. तथापि, अनेक ठिकाणी संकेतस्थळ एकदा तयार होते आणि त्यानंतर एक ओळ बदलावयाची झाली तरी तंत्रज्ञाला पाचारण करावे लागते. तो उपलब्ध नसेल तर जुनीच सूचना महिनोन् महिने पडद्यावर राहते. मजकूर लिहिण्याचे काम कार्यालयाकडे आणि यंत्रणा उभारण्याचे काम तंत्रज्ञाकडे, अशी विभागणी मुळातच झाली तर ही अडचण दूर होते. ही विभागणी करणारे साधन म्हणजे मजकूर-व्यवस्थापनाचा संच होय. असा संच कसा उभारावा व आपल्या गरजेप्रमाणे कसा घडवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे केले आहे.

चौकट आणि संच

पीएचपी ही संगणकीय भाषा रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणली. या भाषेत प्रत्येक काम नव्याने लिहीत बसण्याऐवजी वारंवार लागणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून ज्या चौकटी तयार झाल्या, त्यांपैकी लारावेल ही टेलर ओटवेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली चौकट विशेष लोकप्रिय आहे. माहितीसाठ्याशी व्यवहार, प्रवेशाची ओळख पटविणे, पत्ते व पाने यांची जुळणी ही कामे चौकट करते. परंतु चौकट म्हणजे घर नव्हे. तिच्यावर लेखनिकाला वापरता येईल असे मजकूर लिहिण्याचे दालन उभारावे लागते. ते काम विंटर सीएमएस हा संच करतो.

ऑक्टोबर सीएमएस या आधीच्या संचापासून २०२१ मध्ये विंटर वेगळा झाला. तो एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळतो. त्याची १.२ ही मालिका २०२२ मध्ये आली व ती लारावेलच्या ९ व्या आवृत्तीवर उभारलेली आहे. परवाना खुला असल्याने कार्यालय कोणा एका पुरवठादाराशी बांधले जात नाही. दुसरा जाणकार तंत्रज्ञ तेच काम पुढे चालवू शकतो. सार्वजनिक संस्थेच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

स्थापनेची पद्धत

प्रथम सर्व्हरची पाहणी करावी. पीएचपीची ८ वी मालिका, तिच्यासोबत बहुबाइट अक्षरे, चित्रे व झिप फायली हाताळणारे विस्तार, आणि मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट यांपैकी एक माहितीसाठा आवश्यक असतो. मायएसक्यूएल निवडल्यास माहितीसाठा तयार करतानाच 'यूटीएफ-८ एमबी-४' ही अक्षरसंहिता ठरवावी. येथे चूक झाली तर पुढे देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात आणि गेलेला मजकूर परत मिळत नाही.

त्यानंतर कंपोझर हे साधन वापरावे. पीएचपीच्या कार्यक्रमाला कोणकोणते संच लागतात हे पाहून ते आणण्याचे काम कंपोझर करतो. 'कंपोझर क्रिएट-प्रोजेक्ट विंटरसीएमएस/विंटर' अशी आज्ञा व तिच्यापुढे फोल्डरचे नाव दिले की सर्व सामग्री त्या फोल्डरात उतरते. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित करावयाच्या असतात.) मग त्या फोल्डरात जाऊन 'पीएचपी आर्टिसन विंटर:इन्स्टॉल' ही आज्ञा द्यावी. संगणक क्रमाने प्रश्न विचारतो : माहितीसाठा कोणता, त्याचे नाव व परवलीचा शब्द काय, संकेतस्थळाचा पत्ता कोणता, व्यवस्थापकाचे नाव काय. उत्तरे पूर्ण होताच आवश्यक कोष्टके तयार होतात. पत्त्यापुढे 'बॅकएंड' हा शब्द जोडला असता व्यवस्थापनाचे दालन उघडते.

नमुन्यादाखल आलेली पाने 'विंटर:फ्रेश' या आज्ञेने काढून टाकता येतात. 'विंटर:एन्व्ह' या आज्ञेने परवलीचे शब्दादी गुप्त तपशील '.एन्व्ह' नावाच्या स्वतंत्र फाइलीत जातात. ही फाइल कोणालाही पाठवू नये व संकेतस्थळावरून ती उघडता येणार नाही याची खात्री करून घ्यावी. 'विंटर:मिरर' या आज्ञेने केवळ जनतेला दाखवावयाच्या फायलींचा वेगळा फोल्डर तयार होतो. सर्व्हरने त्याच फोल्डराकडे बोट दाखवावे, हे इष्ट होय.

मूळ गाभ्याला हात लावू नये

आता रूपांतराकडे वळू. येथील पहिला नियम असा की, संचाच्या मूळ फायलींत बदल करू नये. 'मॉड्यूल्स' व 'व्हेंडर' या फोल्डरांतील सामग्री पुढील सुधारणेच्या वेळी बदलली जाते. तेथे केलेली दुरुस्ती त्या दिवशी नाहीशी होते. ती टिकवावी म्हणून सुधारणाच टाळल्या, तर सुरक्षिततेच्या उणिवा तशाच राहतात. आपले सर्व बदल दोनच ठिकाणी असावेत : 'थीम्स' म्हणजे रूपसंच आणि 'प्लगइन्स' म्हणजे जोडसंच.

रूपसंचात पानांची मांडणी, मस्तक, तळटीप, चित्रे व रंग यांचा समावेश होतो. प्रत्येक पानाच्या फाइलीचे तीन भाग असू शकतात. पहिल्यात पानाचे शीर्षक, पत्ता व मांडणी यांची नोंद असते. दुसऱ्यात आवश्यक असल्यास पीएचपीचा थोडा भाग असतो. तिसऱ्यात ट्विग या साच्याच्या भाषेत पडद्यावर दिसणारा मजकूर असतो. दोन बरोबरीच्या चिन्हांची ओळ हे भाग वेगळे करते. वारंवार येणारा भाग, उदाहरणार्थ कार्यालयाचा पत्ता, स्वतंत्र तुकडा म्हणून ठेवल्यास एका जागी केलेली दुरुस्ती सर्व पानांवर दिसते.

उदाहरण : ठरावांची नोंदवही

जोडसंचाची उपयुक्तता एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या ग्रामपंचायतीस ग्रामसभेचे ठराव प्रसिद्ध करावयाचे आहेत असे समजू. साध्या पानावर ते एकाखाली एक टंकित केले, तर दोन वर्षांनी हवा तो ठराव सापडणे कठीण होते. म्हणून 'क्रिएट:प्लगइन' या आज्ञेने स्वतःचा जोडसंच तयार करावा. 'क्रिएट:मॉडेल' या आज्ञेने 'ठराव' हा घटक व 'क्रिएट:कंट्रोलर' या आज्ञेने त्याचा व्यवस्थापनाचा पडदा तयार होतो.

येथे तंत्रज्ञाने एकट्याने निर्णय घेऊ नये. कार्यालयातील इतिवृत्ताची नोंदवही समोर ठेवून रकाने ठरवावेत : सभेची तारीख, ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक, ठरावाचा मजकूर, कार्यवाहीची स्थिती आणि स्वाक्षरी केलेल्या प्रतीची जोडणी. हे रकाने 'फील्ड्स' नावाच्या साध्या फाइलीत एकाखाली एक लिहिले की लेखनिकासमोर तसाच अर्ज उघडतो. यादीत काय दिसावे हे 'कॉलम्स' या फाइलीत लिहावे. ठराव क्रमांक व तारीख भरल्याशिवाय नोंद स्वीकारू नये, असा नियमही घालता येतो. कोष्टकांतील बदलांची नोंद आवृत्तीच्या फाइलीत करून 'विंटर:अप' ही आज्ञा दिली की ते बदल अमलात येतात.

कार्यवाहीच्या रकान्याकडे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे आहे. पाण्याच्या टाकीचा ठराव संमत झाला, एवढे सांगून भागत नाही. पुढे काय झाले हे गावकऱ्याला हवे असते. तो रकाना असेल आणि दरमहा भरला जात असेल, तरच हे पान नागरिकाच्या उपयोगी पडेल.

मराठीची निगा

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर तसाच उतरविल्यास तो वाचता येत नाही व शोधताही येत नाही. त्याचे आधी रूपांतर करून घ्यावे. तारखेसाठी तारखेचाच रकाना ठेवावा. '१५ ऑगस्ट' असे अक्षरांत लिहिल्यास संगणक त्याला केवळ मजकूर समजतो आणि नोंदी कालक्रमाने लागत नाहीत. पडद्यावर ती तारीख मराठी अंकांत दाखविणे हे रूपसंचाचे काम आहे. दोन भाषांची पाने हवी असल्यास 'ट्रान्सलेट' हा जोडसंच उपलब्ध आहे. मात्र मूळ भाषा मराठी ठेवून इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून जोडणे आपल्या कार्यालयांना अधिक सोयीचे ठरेल.

अधिकार आणि सुरक्षितता

एकाच परवलीच्या शब्दावर सर्वांनी काम करणे घातक होय. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. जोडसंचात अनुमती नोंदविता येतात : लेखनिकाने मसुदा भरावा, सचिवाने तपासून तो प्रकाशित करावा, अशी व्यवस्था शक्य आहे. कोणत्या रकान्यात कोणी, केव्हा बदल केला याचा इतिहास ठेवण्याची सोयही संचात आहे. प्रसिद्ध झालेल्या ठरावांच्या बाबतीत ती अवश्य वापरावी.

संकेतस्थळ जनतेसाठी खुले करण्यापूर्वी दोष-निदानाची अवस्था बंद करावी. ती चालू राहिल्यास एखादी चूक होताच आतील तपशील परक्यापुढे उघडे पडतात. माहितीसाठा व चढविलेल्या फायली या दोहोंची प्रत नियमितपणे दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि तीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही हे मधूनमधून प्रत्यक्ष पाहावे. सुधारित आवृत्ती प्रथम चाचणीच्या प्रतीवर व नंतर मूळ संकेतस्थळावर बसवावी. लाभार्थ्यांच्या याद्या प्रसिद्ध करताना आधार क्रमांक, बँक खाते व भ्रमणध्वनी क्रमांक वगळावेत. पारदर्शकता कारभारासाठी आहे. नागरिकाचे खासगी तपशील उघडे करण्यासाठी नाही.

जबाबदारी कोणाची ?

काम स्वीकारताना तंत्रज्ञाकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात : व्यवस्थापकाचे खाते, सर्व्हर व संकेतनामाचे अधिकार, स्वतःच्या जोडसंचाची व रूपसंचाची संपूर्ण प्रत, आणि स्थापनेच्या पायऱ्यांची टिपण. या चार गोष्टी दप्तरी असतील तर माणसे बदलली तरी काम थांबत नाही. शाळांनीही हीच पद्धत अवलंबिल्यास वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा धडा मिळेल.

संच विनामूल्य मिळतो आणि जाणकार तंत्रज्ञाला त्याची स्थापना अवघड नाही. परंतु सूचना निघाली त्याच दिवशी ती संकेतस्थळावर चढविण्याची शिस्त कोणताही संच लावू शकत नाही. ती जबाबदारी एका नेमक्या कर्मचाऱ्याकडे सोपवावी, तिची नोंद कार्यविवरणात करावी आणि मासिक बैठकीत तिचा आढावा घ्यावा. दूरच्या वस्तीवरील नागरिकाला सभेची तारीख सभेपूर्वी समजली, तर या सर्व खटाटोपाचे चीज झाले असे म्हणता येईल.