वार्धक्यातील पोक आणि छायाचित्राद्वारे मापन

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. वार्धक्यात पाठीला येणारा पोक हा वयाचा स्वाभाविक भाग मानून बहुधा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः अस्थी ठिसूळ झाल्याने मणके पुढील बाजूस दबतात, पाठीचे स्नायू क्षीण होतात, शरीराचा तोल पुढे झुकतो आणि पडण्याचा धोका वाढतो. पोक फार वाढल्यास छाती पूर्ण फुलत नाही व दमही लागतो.

पोक मोजण्याची प्रमाण पद्धत क्ष-किरण चित्राची. मात्र दर सहा महिन्यांनी ते काढणे खर्चाचे आणि अनावश्यक किरणोत्सर्गाचे ठरते. अशा वेळी साधा कॅमेरा उपयोगी पडतो. मान वाकविल्यावर मानेच्या तळाशी ठळकपणे हाताला लागणाऱ्या सातव्या मणक्यावर एक खूण चिकटवितात. हा मणका आणि कानाच्या छिद्रापुढील उंचवटा यांना जोडणारी रेषा क्षितिजसमांतर रेषेशी जो कोन करते, तो मान पुढे येईल तसा कमी होतो. कोन मोजावयाचा असल्याने छायाचित्राच्या लहान-मोठ्या आकाराने फरक पडत नाही. छापील प्रतीवर कोनमापक ठेवूनही काम भागते.

दक्षता मात्र हवी. कॅमेरा तिवईवर, खांद्याच्या उंचीला आणि दर वेळी तितक्याच अंतरावर असावा. चौकटीत ओळंबा टांगल्यास कॅमेऱ्याचा कल लगेच लक्षात येतो. खरी अडचण खुणेची आहे. दोन्ही बिंदूंतील अंतर सुमारे १३ सेंटीमीटर धरल्यास, खूण १ सेंटीमीटर वर-खाली सरकताच कोनात ४ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे दोन-तीन अंशांच्या 'सुधारणे'वर विसंबणे धाडसाचे होय. वृद्ध व्यक्ती उभ्याउभ्या थोडी डोलतेही. म्हणून तीन छायाचित्रे घेऊन सरासरी काढणे बरे.

छायाचित्र मणका दबल्याचे निदान करीत नाही. उंची झपाट्याने घटली किंवा पाठीत अचानक कळ उठली, तर क्ष-किरण तपासणीला पर्याय नाही.

२०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष व भौतिकोपचाराची सोय अभिप्रेत आहे. तेथे ही पद्धत अल्प खर्चात रुजू शकेल. परंतु मान व पाठ उघडी ठेवण्यास वृद्ध स्त्रिया संकोचतात. पडद्याआड, स्त्री कर्मचाऱ्याच्या हस्ते आणि पूर्वसंमतीनेच छायाचित्र घ्यावे. ते कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलमध्ये राहू नये.