‘करमत नाही’ला किती गुण?

कामाचे व्यसन मोजणारी प्रश्नावली एका देशातून दुसऱ्या देशात नेताना भाषांतर हा कामाचा लहान भाग असतो. शब्द बरोबर उतरले तरी प्रश्न भलतेच काही मोजू लागतो, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खामगावच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी एक मावशी आणि बुलढाण्याच्या एका पतसंस्थेत नोकरी करणारी तिची भाची यांच्यात हा विषय निघाला तो मार्चअखेरच्या दिवसांत. भाचीला घरी पोहोचायला रोज रात्रीचे नऊ वाजत होते.

भाची : आई म्हणते, मला कामाचं व्यसन लागलंय. हे मोजता येतं का गं?

मावशी : येतं. ‘वर्कहोलिक’ हा शब्द अमेरिकेतल्या वेन ओट्स यांनी ‘अल्कोहोलिक’वरून बनवला आणि 1971 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. मोजमाप नंतर आलं. शौफेली, शिमाझू आणि टॅरिस यांनी 2009 मध्ये डच आणि जपानी कामगारांवर तपासलेली प्रश्नावली 10 वाक्यांची आहे. त्यातली पाच वाक्यं अतोनात काम करण्याबद्दल आहेत, पाच आतून येणाऱ्या सक्तीबद्दल. नॉर्वेतल्या बर्गनची 2012 ची प्रश्नावली त्याहून छोटी, सातच प्रश्नांची. त्यातल्या चारांना ‘बरेचदा’ किंवा ‘नेहमी’ असं उत्तर आलं तर धोक्याची खूण समजतात.

भाची : मग मी नापास. रोज नऊ वाजतात.

मावशी : तुला साहेब थांबवतात. एक एप्रिलनंतर सहाला घरी येऊन निवांत झोपलीस तर ते व्यसन कसलं? कर्ज फेडायला दोन पाळ्या करणाऱ्याचंही तसंच. असा माणूस आणि खरा व्यसनी यांचे तास सारखे असतील, पण एकाला परिस्थिती कामाला जुंपते आणि दुसऱ्याला त्याचं मन. प्रश्नावलीनं हा फरक धरला नाही तर ती फक्त हजेरीपट झाली.

भाची : ठीक. पण ही प्रश्नावली दुसऱ्या देशात न्यायची, समज पोर्तुगालच्या कामगारांसाठी हवी असेल, तर ब्राझीलमधली पोर्तुगीज प्रश्नावलीच का वापरत नाहीत? भाषा एकच ना?

मावशी : पुण्याची मराठी आणि मेहकरच्या शेतातली वऱ्हाडी एकच का? ‘काम करतो आहे’ हे साधं रूपसुद्धा लिस्बनमध्ये आणि साओ पावलोत वेगळं होतं. शिवाय पोर्तुगालमध्ये कायद्यानं आठवडा 40 तासांचा, आणि कामाची वेळ संपल्यावर मालकानं कामगाराला फोन-मेल करू नये असा नियम 2022 पासून लागू आहे. तिथं रात्री दहाला कामाचा मेल पाहणं आणि आपल्याकडे तो पाहणं, या दोन गोष्टींचं वजन सारखं नाही.

भाची : मग हे नेमकं करतात कसं?

मावशी : दोन जण एकमेकांना न विचारता भाषांतर करतात. दोन्ही मसुदे जुळवून एक होतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेला तिसरा माणूस तो पुन्हा मूळ भाषेत नेतो. ही उलट भाषांतराची रीत रिचर्ड ब्रिसलिन यांनी 1970 मध्ये मांडली. मग जाणकारांची समिती बसते आणि शेवटी 30-40 लोकांना प्रश्न वाचून दाखवतात. खरी गंमत तिथं कळते. समज, आपण मराठीत करतोय. ‘काम करू दिलं नाही तर अस्वस्थ वाटतं’ हे वाक्य कसं म्हणशील?

भाची : ‘काम नसलं की करमत नाही.’

मावशी : किती सहज म्हणालीस! आणि तिथंच फसलीस. करमत तर सुटीत माहेरी आलेल्या लेकीलाही नाही, निवृत्त गुरुजींनाही नाही. या वाक्याला अख्खा जिल्हा ‘नेहमी’ म्हणेल. व्यसन सुटताना होणारी तगमग त्यात येत नाही. ‘जीव खालीवर होतो’ म्हटलं तर थोडं जवळ जातं.

भाची : आणि रजा घेतली की अपराधी वाटतं, त्याला?

मावशी : ‘अपराधी’ पुस्तकी झालं. ‘चुकल्यासारखं वाटतं’ म्हणावं, तर काहींना त्यात आपली चूक ऐकू येते आणि काहींना कशाची तरी उणीव. ‘मनाला खातं’ मला बरं वाटतं. समितीत त्यावरूनही भांडण होईल. उलट भाषांतरानं हे सगळं सापडेलच असं नाही. भाषांतर करणारा शहाणा असतो, तो चुकीचं वाक्यही बरोबर समजून घेतो.

भाची : शेतात काम करणाऱ्यांना तर रजाच नसते.

मावशी : तोच मोठा खड्डा आहे. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत विचारलंस तर प्रत्येक जण व्यसनी निघेल, आणि उन्हाळ्यात विचारलंस तर कोणीच नाही. निंदण करून आलेली बाई ‘मी घरीच असते’ असं सांगते. तिच्यासाठी ‘काम’ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागेल. शेगावच्या संस्थानात सेवा करणारा सेवेकरी दिवसभर राबतो, पण त्याला तो ‘काम’ म्हणत नाही. नोकरदारांसाठी बनलेली प्रश्नावली इथं जशीच्या तशी चालणारच नाही, असं माझं मत आहे.

भाची : आकडेमोड कुठं येते?

मावशी : यानंतर. वाक्यं 10 असतील तर निदान दोनेकशे लोकांकडून भरून घेतात. एका गटातली वाक्यं एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाखच्या अल्फानं पाहतात, 0.70 च्या वर असला तर साधारण चालतं. मूळचे दोन गट इथंही दोनच पडतात का, हे घटक विश्लेषणानं बघतात. थकवा, झोप, घरातली कुरबूर यांच्याशी गुणांचा संबंध लागायला हवा. आणि हे काही आजचं नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बदलून घेतली, तिच्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 मध्ये आलं.

भाची : म्हणजे मी मोबाइलवर एक प्रश्नावली भरली होती, ती...

मावशी : करमणूक समज. नीट रुळवलेली असली तरी ती चाळणीच, निदान नव्हे. कामाचं व्यसन अमेरिकेच्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या यादीत नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीतही नाही. कामामुळे येणारी पुरती दमछाक मात्र आयसीडी-11 मध्ये आहे, तीही आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर गुण मोजत बसू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं.