बोट लागण्याची काळजी पुरे

अमेरिकेत मुलांकडे जाणारे काही आईवडील हल्ली एक वेगळा बेत करतात. लंडनपर्यंत विमान आणि तिथून पुढे अटलांटिक पार करणारी क्रूझ. साउदॅम्प्टन ते न्यू यॉर्क हे अंतर ‘क्वीन मेरी 2’ सहसा सात रात्रींत कापते. बेत ठरला की पहिली चौकशी होते ती बोट लागण्याची. त्यावर उपाय आहेत. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, गोळी बोट हलायला लागायच्या आधी पोटात जावी. (प्रोस्टेट वाढलेल्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी मात्र ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये; लघवी तुंबू शकते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो.) पण ओकाऱ्यांनी चार दिवस हैराण झालेला माणूस पाचव्या दिवशी जेवायला बसतो. विचार करायचा तो ज्या दुखण्याला चार दिवस थांबता येत नाही त्याचा.

मोठ्या क्रूझवर दवाखाना असतो आणि तो चांगला असतो. डॉक्टर, नर्स, ईसीजी, एक्स-रे, व्हेंटिलेटर, हृदयविकारात गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही. नसतात त्या अँजिओप्लास्टीची सोय, मोठ्या शस्त्रक्रियेची सोय आणि बहुधा सीटी स्कॅन. यातली शेवटची उणीव किरकोळ वाटेल, पण पक्षाघाताचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. गुठळी असेल तर तेच इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं; रक्तस्राव असेल तर त्यानंच जीव जाऊ शकतो. स्कॅन नाही म्हणून औषध कपाटात असूनही डॉक्टर ते देऊ शकत नाही. यात त्याचा दोष नाही.

‘हेलिकॉप्टर येईल की’, असं यावर म्हटलं जातं. किनाऱ्यापासून साधारण दोनशे-तीनशे सागरी मैलांपर्यंत येतं. ही वाट तीन हजारांची आहे. कप्तान जहाज वळवेल हेही खरं, पण ऐन मध्यावरून जवळचा किनारा गाठायलाच दीड दिवस लागू शकतो. ‘मग विमानात तरी कुठे रुग्णालय असतं?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. विमानात दवाखाना तर नाहीच, साधा डॉक्टर भेटणंही नशिबाचा भाग. मात्र विमान बहुतेकदा दोन-तीन तासांत कुठेतरी उतरू शकतं. तेव्हा जहाजावर डॉक्टर आहे का, एवढंच विचारून भागत नाही. पुढचं रुग्णालय किती तासांवर आहे, हे विचारायला हवं. मुंबई-गोवा क्रूझ मजेत झाली, हा अनुभव इथे कामाचा नाही. तिथे किनारा काही तासांवर असतो.

म्हणून साठी ओलांडली एवढ्यावरून कुणी बेत रद्द करू नये. रक्तदाब आणि मधुमेह कित्येक महिने आटोक्यात असलेल्या सत्तरीच्या गृहस्थांनी खुशाल जावं. घड्याळ रोज फार तर एका तासानं सरकतं, त्यामुळे इन्सुलिनच्या वेळा सांभाळायला जहाज विमानापेक्षा सोपंच. याउलट पित्ताशयातल्या खड्यांनी वर्षात दोनदा पोटात कळा आलेल्या चाळिशीच्या बाईंनी आधी शस्त्रक्रिया उरकावी. नुकती अँजिओप्लास्टी झालेले, काही मिनिटांसाठी वाचा जाऊन परत आलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना शौचातून रक्त गेलेले, यांनी किनाऱ्याजवळून जाणारी भूमध्य समुद्रातली क्रूझ निवडावी. मौज तीच, बंदर बरेचदा रोज.

जे जातील त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्यानं पसरतो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. जेवणघराच्या दाराशी हातावर जेल मिळालं तरी साबण-पाण्यानं हात धुवा.

विमा काढताना समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि तुमचा जुना आजार दोन्ही त्यात धरले आहेत का, ते वाचून पाहा. गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, कारण बंदरावर दिलेली सुटकेस केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागतात. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या, आपल्याकडचे ब्रँड तिथल्या डॉक्टरला ओळखू येणार नाहीत. आणि शेवटच्या ईसीजीची प्रत त्याच पिशवीत असू द्या. छातीत दुखलं तर नवा ईसीजी बदललाय की तुमचा पहिल्यापासूनच तसा आहे, हे ती शेजारी ठेवली तरच कळतं.