पडद्यावरचा चेंडू आणि सतरंजीवरची गोटी

1985 साली अमेरिकेतील बॅली सेन्टे या कंपनीने 'मिनी गोल्फ' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. नाणे टाकून उभ्याने खेळायचा, कपाटाएवढा खेळ. त्यात काठी नाही, खरा चेंडूही नाही! समोरच्या फळीत अर्धा बुडालेला गोळा तळहाताने फिरवला की पडद्यावरचा चेंडू धावू लागे. या गोळ्याला ट्रॅकबॉल म्हणतात.

अशा गोळ्याला आतून दोन रूळ टेकलेले असतात, एकमेकांशी काटकोनात. एक आडवी गती मोजतो, दुसरा उभी. वेगाचे दोन घटक करताना वर्गात पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. इथे ते काम बिनबोभाट होते.

आता चेंडू उजव्या भिंतीवर आपटला, तर काय करायचे? आडव्या घटकाचे चिन्ह बदलायचे, उभा तसाच ठेवायचा. झाले परावर्तन! कॅरमच्या कडेवर आपटताना सोंगटीचा थोडा वेग जातो, म्हणून तिच्यासाठी वजा 1 ऐवजी, समजा, वजा 0.8 ने गुणावे.

खरी मेख आहे ती चेंडू थांबवण्यात. सोपी युक्ती अशी, की पडद्यावरील प्रत्येक नव्या चित्रागणिक वेग 0.9 ने गुणायचा. मग अंतर होते 10 + 9 + 8.1 + … या भूमितीय श्रेणीची बेरीज 100. आरंभीचा वेग 20 घेतला तर 200. म्हणजे वेग दुप्पट, अंतरही दुप्पट.

सतरंजीवरची गोटी मात्र असे ऐकत नाही. तिचा वेग दर सेकंदाला जवळजवळ सारखाच घटतो. सेकंदाला 10 सेंमी वेग दर सेकंदाला 1 ने कमी होत गेला, तर गोटी 10 सेकंद चालेल. सरासरी वेग 5, अंतर 50 सेंमी. वेग 20 असेल तर 20 सेकंद, सरासरी 10, अंतर 200 सेंमी. चौपट!

करून पाहा. खाच असलेली फूटपट्टी पुस्तकावर तिरकी टेकवा. खालच्या टोकापासून 5 सेंमीवरून आणि मग 20 सेंमीवरून गोटी सोडा. उंची चौपट, म्हणून वेग दुप्पट. प्रत्येक माप पाच वेळा घेऊन सरासरी काढा. (सांगलीला आम्ही प्रथम नुसत्या फरशीवर प्रयोग केला, तेव्हा गोटी थेट भिंतीला जाऊन भिडली. सतरंजी हवीच.)

सांगलीहून पेठ नाक्यावरून साताऱ्याला जाताना हाच हिशेब रस्त्यावर भेटतो. ताशी 40 किमी वेगाची मोटार ब्रेक लागल्यावर 10 मीटरमध्ये थांबत असेल, तर त्याच रस्त्यावर, तसाच ब्रेक लागला असता, ताशी 80 किमी वेगात तिला 20 नव्हे, 40 मीटर लागतील. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.