शिष्यवृत्तीचा अर्ज : पूर्वतयारी दहावीपासूनच

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे १९२० साली सिडनहॅम महाविद्यालयातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या प्रज्ञावंतालाही मुदत चुकली नाही. मग आमच्या विद्यार्थ्यांनी ती विसरून कसे चालेल?

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. ती अकरावीपासूनच लागू होते, हे अनेक पालकांच्या ध्यानी नसते. तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे; उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजनेचा अर्ज करावा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी स्वाधार योजना आहे.

गुण असूनही विद्यार्थी मागे राहतो तो कागदांपायी. अंबड परिसरातील अनेक पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर जातात. मग तलाठ्याकडे कोणी जायचे आणि सेतू केंद्रात सही कोणी करायची? म्हणून टोळी निघण्यापूर्वीच उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला हाती असावा. बँक खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. आधारला घरचाच मोबाइल क्रमांक द्यावा. दुकानदाराचा क्रमांक दिल्यास पुढे प्रत्येक ओटीपीसाठी त्याचे दार ठोठावावे लागते. दहावीची गुणपत्रिका, आधार व दाखले यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही पाहावे.

अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींच्या कुटुंबांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेतील प्रवेश निर्गम उतारा किंवा जुनी महसुली नोंद शोधण्यात महिने जातात. हा शोध बारावीच्या निकालाची वाट न पाहता सुरू करावा.

अर्ज भरला की काम संपले, असेही नाही. महाविद्यालयाने तो पुढे पाठविला का, त्रुटीसाठी परत आला का, हे पाहत राहावे. पुढील वर्षी नूतनीकरणही करावे लागते.

काही पालकांना अर्ज करताना संकोच वाटतो. हा संघर्षातून मिळालेला हक्क आहे. तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, प्रत्येकाने दरवर्षी एका मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी बसून तिचा अर्ज पूर्ण होईपर्यंत सोबत करावी. ज्या शाळेने आपल्याला घडविले, तिचे ऋण फेडण्याचा हा एक मार्ग आहे.

जय भीम!