तरुणांची शरीरचिंता आणि सहवासाविषयीचा आत्मविश्वास

विवाह ठरलेला तरुण डॉक्टरांकडे येतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा आडवळणाने सुरू होते. अंग भरत नाही, कंबर दुखते, कामात लक्ष लागत नाही, असे तो सांगतो. बऱ्याच वेळाने, मान खाली घालून, तो मूळ गोष्टीकडे वळतो : लघवीवाटे ‘धात’ जाते, त्यामुळे शरीर खंगले आहे आणि पत्नीजवळ आपली फजिती होईल. आपल्या देशात ही व्यथा इतकी सर्रास आढळते, की मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात’ याच नावाने वैद्यकात स्थान दिले.

या शब्दामागे मोठी परंपरा आहे. आयुर्वेदाने रसापासून शुक्रापर्यंत सात धातू मानले आणि शुक्र हे त्यांतील अखेरचे सार ठरविले. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही लोकसमजूत याच विचाराशी जुळणारी आहे. शरीरशास्त्राला ती मान्य नाही. वीर्याचा बहुतेक भाग म्हणजे शुक्राशय व प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव होय; तो रक्त आटवून तयार होत नाही आणि स्वप्नावस्थेत बाहेर पडल्याने देह झिजत नाही.

दुसरी चिंता आकाराची. आपले इंद्रिय माणूस वरून पाहतो, म्हणून ते आखूड भासते. दुसऱ्याचे बाजूने दिसते. २०१५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची मापे एकत्र केली, तेव्हा ताठर अवस्थेतील सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर निघाली. ऐकीव फुशारक्यांच्या मानाने हा आकडा बराच लहान आहे! शिवाय शिथिल अवस्थेतील फरक ताठरतेत पुष्कळसा कमी होतो.

खरी मेख पुढेच आहे. ताठरता म्हणजे शिश्नातील स्पंजासारख्या ऊतींत रक्त भरणे. रक्तवाहिन्या सैल पडल्या तरच ते भरते, आणि त्यासाठी मन निवांत असावे लागते. भीती वाटताच शरीर पळण्याच्या वा लढण्याच्या तयारीला लागते, त्या वाहिन्या आकुंचन पावतात आणि ताठरता ओसरते. म्हणजे ज्या अपयशाला तरुण भितो, ते पुष्कळदा त्या भीतीनेच घडते. एकदा असे झाले, की पुढच्या वेळी तो पत्नीकडे नव्हे, स्वतःकडेच परीक्षकाच्या नजरेने पाहू लागतो. मास्टर्स व जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० मध्ये या ‘प्रेक्षक’वृत्तीकडे लक्ष वेधले. त्यांचा उपाय साधा, पण मोठा मार्मिक होता. काही दिवस संभोग करायचाच नाही असे उभयतांनी ठरवावे आणि केवळ स्पर्शाचा आनंद घ्यावा. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास होण्याचे भय उरत नाही! नवविवाहितांच्या बाबतीत तर पहिल्या रात्रीचा दंडक मोडणे एवढेच कित्येकदा पुरेसे होते. पत्नीही त्या रात्री तितकीच बावरलेली असते, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

कामशक्ती वाढविण्याची हमी देणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या भिंतींवरून हटलेल्या नाहीत. या औषधांवर पैसे घालविण्यापूर्वी एक खूण लक्षात घ्यावी. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल, तर रक्तवाहिन्या व मज्जातंतू बहुधा ठीक असतात. ती अनेक आठवडे येतच नसेल, तर मात्र मधुमेह, रक्तदाब वा चालू असलेली एखादी गोळी कारणीभूत असू शकते, आणि तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.