संगणकाची आदान-प्रदान साधने आणि औषधालयातील चूक

"संगणकाने चूक केली" हे वाक्य हल्ली बहुतेक औषधालयांत ऐकू येते. वस्तुतः संगणकाचा गणना करणारा भाग क्वचितच चुकतो. चूक शिरते ती माहिती आत घेणाऱ्या साधनांच्या द्वारे, आणि रुग्णापर्यंत पोहोचते ती माहिती बाहेर देणाऱ्या साधनांच्या द्वारे. म्हणून कळफलक, बारकोड वाचक, प्रिंटर इत्यादींची निवड केवळ किंमत व वेग पाहून करणे योग्य नव्हे. कोणते साधन कोणत्या प्रकारची चूक करते, आणि त्यातून निघालेला मजकूर कोण, कोठे व किती दिवस वाचणार आहे, हे आधी पाहावे असे आमचे मत आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील चिकित्सालये आणि औषधालये डोळ्यांपुढे ठेवून या विषयाचा येथे विचार केला आहे.

आदान हा शब्द वैद्यांना नवा नाही. ऋतुचर्येत शिशिर, वसंत व ग्रीष्म मिळून आदानकाल होतो, आणि त्याची जोडी विसर्गकालाशी असते. संगणकाच्या मराठी परिभाषेत मात्र ही जोडी प्रदानाशी लावली आहे. आदान म्हणजे इनपुट व प्रदान म्हणजे आउटपुट. कळफलक, माऊस, स्कॅनर, बारकोड वाचक, कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि संगणकास जोडलेला इलेक्ट्रॉनिक तराजू ही आदान साधने होत. पडदा, प्रिंटर व ध्वनिक्षेपक ही प्रदान साधने. बोटाने स्पर्श करावयाचा पडदा दोन्ही कामे करतो. तेलाचा हात लागला की मात्र तो ही दोन्ही कामे बिघडवतो. अभ्यंगाच्या खोलीतून बाहेर आलेल्या सहायकाच्या हाती असा पडदा न दिलेला बरा.

कळफलक आणि औषधांची नावे

मराठी टंकनाच्या आज तीन पद्धती प्रचलित आहेत. टंकलेखन यंत्रावरून आलेली पद्धत जुन्या टंकलेखकांच्या बोटांत बसलेली आहे. उच्चारानुसार रोमन अक्षरे दाबण्याची पद्धत तरुण मंडळी वापरतात. तिसरी इन्स्क्रिप्ट ही भारतीय मानक संस्थेने १९९१ च्या मानकात स्वीकारलेली पद्धत होय. भारतीय भाषांच्या संगणकीकरणात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा वाटा मोठा आहे. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असतात. काही आठवड्यांच्या सरावाने ती सहज येते.

पद्धत कोणतीही असो, लेखन युनिकोडमध्येच साठवावे, असा आमचा आग्रह आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या फाँटची संकेतप्रणाली निराळी होती. त्या काळातील लेबलांच्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडल्या तर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. अशा फाइली रूपांतरित करून घेता येतात, परंतु रूपांतरानंतर जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ एकदा मूळ कागदाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

खरा धोका नावांच्या यादीत असतो. पहिली दोन अक्षरे टंकित करताच संगणक जुळणारी नावे दाखवतो आणि आपण त्यातील एक निवडतो. "अश" एवढे टंकित केले की अशोकारिष्ट व अश्वगंधारिष्ट एकाखाली एक येतात. एकाचा उपयोग प्रदरात, दुसऱ्याचा मूर्च्छा, उन्मादादी विकारांत. माऊस एक ओळ खाली घसरला की चिकित्साच बदलते. योगराज गुग्गुळ व महायोगराज गुग्गुळ यांतील अंतर तर अधिक गंभीर आहे, कारण दुसऱ्यात नागभस्म व रससिंदूर असतात. लघुमालिनी वसंत आणि सुवर्णमालिनी वसंत, साधा सूतशेखर आणि सुवर्णयुक्त सूतशेखर या जोड्याही अशाच. हस्तलिखित चिठ्ठीतील चूक निदान संशय उत्पन्न करते, औषधविक्रेता दूरध्वनी करून विचारतो. छापील चिठ्ठीतील चुकीचे नाव मात्र शुद्ध, सुवाच्य व निःसंशय दिसते. म्हणून यादीत अशा जोड्यांच्या नावांपुढे भेद दर्शविणारा शब्द घालून ठेवावा, उदाहरणार्थ "अशोकारिष्ट, प्रदर" किंवा "महायोगराज, भस्मयुक्त".

लेखनभेदाचा प्रश्न औषधालय मालकांना विशेष जाचतो. गुग्गुळ, गुग्गुळू व गुग्गुलु ही आपल्या दृष्टीने एकच वस्तू आहे, पण संगणकाच्या दृष्टीने त्या तीन आहेत. तीन कर्मचाऱ्यांनी तीन प्रकारे नोंद केली तर साठा तीन ठिकाणी विभागला जातो. एका नावाखाली औषध संपलेले दिसते म्हणून नवी मागणी जाते, आणि दुसऱ्या नावाखालच्या डब्यांची मुदत फळीवरच संपते. प्रत्येक औषधाचे एकच लेखन ठरवून, नवे नाव घालण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवणे हाच यावर उपाय आहे.

अंक, दशांशचिन्ह आणि रत्ती

आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियामध्ये १ रत्ती म्हणजे १२५ मिलिग्रॅम, १ माषा म्हणजे १ ग्रॅम व १ कर्ष म्हणजे १२ ग्रॅम असे समीकरण आहे. संगणकात यांपैकी एकच मान वापरावे. मिलिग्रॅम व ग्रॅम मिसळले की सहस्रपट चुकीला दार उघडते. त्रिभुवनकीर्ती रसात वत्सनाभ व हिंगुळ असतात. त्याची १२५ मिलिग्रॅम मात्रा "०.१२५ ग्रॅम" अशी छापणे म्हणजे सगळा भार एका ठिपक्यावर टाकणे होय. प्रिंटरची शाईची फीत सुकली की सर्वांत आधी नाहीसा होतो तो हाच ठिपका. यास्तव १ ग्रॅमपेक्षा कमी मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये व पूर्णांकात छापावी.

अंकाच्या लिपीचाही विचार हवा. चाकण, म्हाळुंगे, भोसरी येथील कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. आपला देवनागरी ४ हा आकडा रोमन आठाच्या जवळ जातो, विशेषतः छपाई फिकट असेल तर. बंगाली लिपीतील चाराचा आकडा तर हुबेहूब रोमन आठासारखा असतो, आणि बंगाली सात रोमन नवासारखा दिसतो. म्हणजे एकच खूण एका रुग्णाने चार व दुसऱ्याने आठ अशी वाचावी, हे सहज संभवते. पुडीवर नुसता आकडा न छापता "चार गोळ्या" असे अक्षरी छापावे, आणि सकाळ, दुपार व रात्र यांसाठी सूर्य-चंद्राची चित्रे व तितक्याच गोळ्यांची वर्तुळे छापावीत. चित्र छापणे कोणत्याही साध्या प्रिंटरला शक्य असते. रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला "रात्री झोपताना" म्हणजे नेमके केव्हा, हे मात्र वैद्यानेच विचारून घ्यावे लागते.

बारकोड काय सांगतो

दिवसभर कारखान्यात सुट्या भागांवरचे बारकोड वाचणारा कामगार सायंकाळी आपल्या औषधालयात येतो, आणि तेथे मात्र बाटलीवरील नाव हाताने टंकित होताना पाहतो. बारकोडचा व्यापारी उपयोग २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटापासून सुरू झाला. आपल्याकडील वेष्टनांवर बहुधा १३ अंकी संकेत असतो. आरंभीचे ८९० हे अंक एवढेच दर्शवितात की तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेने दिलेला आहे. माल भारतातच तयार झाला याचा तो पुरावा नव्हे.

तेरावा अंक हा पडताळ्याचा असतो, आणि बारकोडची विश्वसनीयता त्यावर अवलंबून आहे. समजा, पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ आहेत. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८ व सम स्थानांवरील अंकांची ३४ होते. दुसऱ्या बेरजेला ३ ने गुणून १०२ येतात, एकूण १३०. पुढील दहाच्या पटीस पोहोचण्यासाठी शून्य हवे, म्हणून तेरावा अंक ०. आता आठव्या स्थानावरील ५ चुकून ६ वाचला गेला, तर एकूण १३३ होते व पडताळ्याचा अंक ७ यायला हवा. तो जुळत नाही म्हणून वाचक ती नोंद नाकारतो. कोणताही एक अंक चुकल्यास ही तपासणी त्याला पकडतेच. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुधा पकडली जाते. त्या दोहोंत ५ चे अंतर असेल तेव्हाच ती निसटते. हाताने टंकित केलेल्या नावाला असे कोणतेही संरक्षण नाही.

परंतु या तेरा अंकांत औषधाचा बॅच क्रमांक व मुदत नसते, ही गोष्ट पुष्कळ औषधालय मालकांच्या लक्षात येत नाही. बारकोड वाचला म्हणजे मुदत तपासली गेली, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. बॅच व मुदत खरेदीच्या वेळी वेगळी नोंदवावी लागते, आणि विक्रीच्या वेळी हातातील बाटली कोणत्या बॅचची हे पाहावेच लागते. ही माहिती सामावून घेणारे चौकोनी संकेत उपलब्ध आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून ॲलोपॅथीच्या ३०० औषधनामांवर असा संकेत छापणे सक्तीचे झाले आहे. आसव-अरिष्टाची चिकट बाटली किंवा चूर्णाने माखलेली वाचकाची काच यांमुळे वाचन होत नसेल, तर क्रमांक हाताने टंकित करण्याआधी दोन्ही पुसून पाहावे.

छायाचित्र व नाडी

जिह्वेचे किंवा त्वचाविकाराचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर मागवून सल्ला देणारे वैद्य आता अनेक आहेत. कॅमेरा हे आदान साधन रंगाच्या बाबतीत भोळे असते. पिवळ्या दिव्याखाली काढलेली जिह्वा पीतवर्णी दिसेल, निळसर नळीदिव्याखाली श्याव. त्यात वैद्याच्या पडद्याचा स्वतःचा रंगही मिसळतो. जिह्वेशेजारी कोरा पांढरा कागद धरून, दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढण्यास सांगावे. कागद पिवळा दिसला, तर जिह्वेच्या वर्णावर निष्कर्ष काढू नये.

नाडी हा यापेक्षा सूक्ष्म विषय आहे. पुण्यातील संशोधकांनी नाडी तरंगिणी या उपकरणाविषयीचा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात मनगटावर वात, पित्त व कफ या तीन स्थानी दाबसंवेदक ठेवलेले असतात. नाडीचा दाब अखंड बदलत असतो, तर संगणक तो सेकंदाला ठरावीक वेळा मोजून अंकांत साठवतो. मिनिटास ७२ ठोके म्हणजे सेकंदास १.२ ठोके. सेकंदाला १० वेळा मोजणी झाली तर एका ठोक्याच्या वाट्याला जेमतेम ८ बिंदू येतात. ठोक्यांची संख्या मोजण्यास ते पुरेत, पण सर्पगती, मंडूकगती व हंसगती यांतील भेद रेषेच्या आकारात असतो आणि तो ८ बिंदूंत उमटणार नाही. सेकंदाला ५०० मोजण्या झाल्या तर तेच बिंदू चारशेच्या वर जातात. असे कोणतेही उपकरण घेताना मोजणीचा हा वेग विक्रेत्यास अवश्य विचारावा. उत्तर देता आले नाही, तर खरेदी लांबणीवर टाकावी.

प्रिंटर: कागद किती दिवस टिकणार

आमच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. उष्णतेने काळा होणाऱ्या कागदावर छापणारे लहान थर्मल प्रिंटर स्वस्त, निःशब्द व शाईविरहित असल्यामुळे औषधालयांत सर्वत्र दिसतात. पावतीसाठी ते ठीक आहेत. पण याच कागदाची लेबले आसव-अरिष्टाच्या व तेलाच्या बाटल्यांवर लावण्याची प्रथा पडली आहे, ती घातक आहे. तेलाच्या स्पर्शाने त्यावरील अक्षरे फिकट होतात, तर मद्यांशाच्या स्पर्शाने कोरा भागच काळवंडतो. उन्हात ठेवलेल्या दुचाकीच्या डिकीतही तसेच होते. प्लास्टिकच्या पिशवीत दीर्घकाळ राहिल्यास त्यातील मृदुकारक द्रव्यांमुळे अक्षरे उडतात. नारायण तेल व अश्वगंधारिष्ट एकाच पिशवीत घरी गेले, तर पंधरवड्याने कोणते पोटात घ्यायचे व कोणते अंगाला लावायचे हे सांगणारा कागदच नाहीसा झालेला असू शकतो.

१९४० च्या औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्यानुसार, स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्यातून सूट आहे. कारखान्याच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख हे सर्व छापावे लागते. वैद्याने दिलेल्या पुडीवर मात्र त्याने स्वतः छापलेली चिठ्ठी हेच एकमेव लेबल असते. ती चिठ्ठी औषधापेक्षा अधिक काळ टिकली पाहिजे. लेझर प्रिंटरची भुकटी उष्णतेने कागदावर पक्की बसते व पाण्याने पसरत नाही. वेगळ्या फितीतील शाई कागदावर उतरवणारे लेबल प्रिंटरही चांगले. इंकजेटची पाण्यात विरघळणारी शाई मात्र काढा करताना ओल्या झालेल्या हाताने पुसली जाते.

ठोकून छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आवाज करतात, आणि त्यांच्या अंगच्या अक्षरसंचात सहसा देवनागरी नसल्यामुळे मराठी मजकूर चित्र म्हणून संथपणे उमटतो. तरीही कार्बनने दोन-तीन प्रती एकदम काढण्याचे काम फक्त तेच करतात. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेली थर्मल कागदावरील बिले हिशेबासाठी जपायची असतील, तर आल्याबरोबर त्यांची छायाप्रत काढून ठेवावी.

वीज वारंवार जाणाऱ्या भागात संगणकासाठी यूपीएस असतोच. त्यावर लेझर प्रिंटर जोडू नये. भुकटी वितळवणारा त्याचा तापक एकदम मोठा प्रवाह खेचतो आणि यूपीएस बंद पडून अर्धवट नोंद नष्ट होते. प्रिंटर भिंतीवरील वेगळ्या जोडणीवर आणि चूर्ण मोजण्याच्या ओट्यापासून शक्य तितका दूर ठेवावा.